क्राफ्ट बिअर चाखावी कशी आणि तिच्याबद्दल लिहावं कसं

नाशिककराला ग्लास फिरवून वास घ्यायला वेगळं शिकवावं लागत नाही. १९९९ मध्ये सुला वाइनरी सुरू झाली, मग यॉर्क आली, सोमा आली, दिंडोरीकडे शँडन आली, आणि बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन टेस्टिंगला नेणं कितीतरी घरांत ठरूनच गेलं. रंग बघायचा, वास घ्यायचा, छोटा घोट तोंडात घोळवायचा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. तीच मंडळी बिअर समोर आली की मात्र बाटली बर्फगार करतात, चकणा मागवतात आणि गटागटा पितात. नंतर "कशी होती?" विचारलं तर उत्तर येतं, "मस्त", नाहीतर "कडू होती".

त्यापुढे ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू इथल्या छोट्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या, बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखता याव्यात, त्यांच्यातला फरक कळावा आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं चार ओळींत लिहिता यावं, एवढाच उद्देश. माझं एक म्हणणं आधीच सांगतो. बिअर आवडली नाही तर तपास आपल्यापासून सुरू करावा: पहिल्यांदा आपली जीभ, मग ग्लास, मग फ्रिज, मग दुकान किंवा बार आणि सगळ्यात शेवटी ब्रुअरी. टाकीतून निघालेली बिअर आपल्या तोंडात पडेपर्यंत अनेक ठिकाणी बिघडू शकते. त्यातली बरीच ठिकाणं आपल्याच हातात असतात. ती न तपासता ब्रुअरीच्या नावाने वाईट लिहिणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

कायदा आणि प्रमाण

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, कडक मद्यासाठी २५. दारू घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभाग तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन देतो. दिवस ठरवताना ड्राय डे बघून घ्या. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पण टेस्टिंगच्या दिवशी हे गणित करतच बसू नका. गाडीची चावी घरी ठेवा आणि रिक्षाने जा. औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर हा उद्योग नको.

एका बैठकीला चार बिअर, प्रत्येकी ९० मिलिलिटर. सगळ्या मिळून एक छोटी बाटली होते. पाचव्या बिअरला नाक थकलेलं असतं, तिच्याबद्दल लिहिलेल्यावर माझा विश्वास बसत नाही.

आधी जीभ

रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी टेस्टिंग हा बेत करू नका. तिखटाने जीभ हुळहुळली असेल तर बिअरमधला वायू आणि अल्कोहोल ती जळजळ वाढवतात, आणि नाजूक चवी त्याखाली दबून जातात. चिवडा, खारे शेंगदाणे, मसाला पापड यांची अडचण वेगळी आहे. मीठ कडूपणा दाबतं. खाऱ्या चकण्यासोबत प्यायलेली आयपीए (इंडिया पेल एल, मुळातच कडसर बिअर) गुळगुळीत लागते, आणि तीच दुसऱ्या दिवशी नुसती घेतली की अंगावर येते. दोन्ही वेळा बिअर तीच. दात घासल्यानंतर लगेच चाखू नका. टूथपेस्टमधल्या साबणासारख्या घटकाने गोडवा कमी आणि कडूपणा जास्त जाणवतो. तंबाखू, पान, सिगारेट, कडक कॉफी यांनाही तास-दीड तास सुट्टी. अंगाला अत्तर नको, खोलीत अगरबत्ती नको.

उपाशी पोटी बसू नका. दोन तास आधी वरणभात किंवा साधी पोळी-भाजी खाऊन घ्या. टेबलावर साधा पाव, फोडणी न दिलेले कुरमुरे आणि माठातलं किंवा खोलीच्या तापमानाचं पाणी ठेवा. चकणा आणि जेवण टेस्टिंग संपल्यावर मनसोक्त.

काय आणावं

पहिल्या बैठकीत चार वेगळ्या जातींच्या बिअर घ्या: एक साधी लागर, एक विटबिअर, एक आयपीए, एक स्टाउट. याच क्रमाने चाखायच्या, हलकीकडून भारीकडे. उलटं केलं तर स्टाउटच्या भाजक्या चवीनंतर लागर पाण्यासारखी लागेल.

लागर म्हणजे आपल्याला सगळ्यात ओळखीची, सोनेरी, स्वच्छ बिअर. हिच्या बहुतेक भावंडांचं मूळ १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावी जोसेफ ग्रोलने बनवलेल्या पिल्सनरमध्ये आहे. विटबिअर बेल्जियमची. तिच्यात मोड न आणलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल पडते, आणि ती गढूळच असायला हवी. ही जात जवळजवळ नामशेष झाली होती. पिएर सेलिसने १९६६ मध्ये होगार्डन गावी ती पुन्हा बनवायला घेतली. आज आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींत ती सर्रास दिसते, आणि मला वाटतं त्याचं एक कारण धणे हेच असावं. आयपीएत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा, जोर असतो. हॉप्स तासभर उकळले की कडूपणा उतरतो, शेवटी किंवा आंबवण झाल्यावर टाकले की वास राहतो. चांगल्या आयपीएत दोन्ही सापडतात. स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव भाजलेल्या जवामुळे येते. काळी म्हणजे कडक हा समज काढून टाका. गिनेस या प्रसिद्ध आयरिश स्टाउटच्या ड्राफ्टमध्ये साधारण ४.२ टक्के अल्कोहोल असतं, तर आपल्याकडच्या सोनेरी "स्ट्राँग" बिअर ८ टक्क्यांपर्यंत जातात.

बिअर शॉपीत गेल्यावर बाहेर रचलेल्या क्रेटमधली बाटली घेऊ नका, आतल्या फ्रिजमधली मागा. एप्रिल-मे मध्ये तर हा नियमच करा. बनवल्याची तारीख वाचा. मुदत संपायला अवकाश असला तरी हॉप्सचा वास त्याच्या खूप आधी ओसरतो. आयपीए तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर प्या हवं तर, पण तिच्यावरून ब्रुअरीबद्दल मत बनवू नका. कॅन किंवा तपकिरी बाटली मिळत असेल तर हिरव्या आणि पारदर्शक बाटलीपेक्षा ती बरी. कारण पुढे येईल. घरी आणल्यावर बाटली उभी ठेवा, आडवी नाही. वाइनची बाटली बुचासाठी आडवी ठेवतात, बिअरला बूच नसतं.

आता वेगवेगळ्या ठिकाणच्या ब्रुअरी. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये डूलालीने पहिली बिअर टॅपवर, म्हणजे नळातून थेट ग्लासात, आणली. पुढे पुण्यातच मुंढव्याला इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली. बेंगळुरूत २०१० मध्ये टॉइट आणि २०१२ मध्ये आर्बर सुरू झाली. गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' ही आयपीए हणजुणच्या एका जुन्या हिप्पीच्या नावाने ओळखली जाते. छत्तीसगडमधल्या दुर्गची सिंबा विट आणि स्टाउट दोन्ही बाटलीत देते. यातल्या काही बिअर बाटलीत किंवा कॅनमध्ये प्रवास करतात, काही फक्त जिथे बनतात तिथेच टॅपवर मिळतात. टॅपवरची ताजी, न गाळलेली बिअर आणि ट्रकमधून आलेली बाटली यांची तुलना करताना हा फरक वहीत लिहिलेला असलाच पाहिजे.

खरा अभ्यास दुसऱ्या बैठकीपासून. तेव्हा एकच जात घ्या आणि ब्रुअरी बदला: तीन शहरांच्या तीन विटबिअर, किंवा तीन स्टाउट. एकीत धणे पुढे येतील, दुसरीत संत्रं, तिसरीत गव्हाचा पिठूळपणा. एकट्या बिअरमध्ये हे कळत नाही, शेजारी दुसरी ठेवली की लगेच कळतं. स्टाउट आणि लागर यांना एकमेकींशी लढवून क्रमांक लावण्यात काहीच हशील नाही.

नाक तयार करणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखे नेमकी ही गाळतात. बिअर उघडण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात हे करा. आठ-दहा वाट्या घ्या. एकीत धणे जाडसर कुटून, एकीत संत्र्याची ताजी साल चुरगळून, एकीत खूप पिकलेलं केळं, एकीत दोन लवंगा ठेचून. पुढे काकवी, कॉफी पूड, नाशिकच्या मनुका, भाकरीचा करपलेला पापुद्रा, पपनसाची साल, लोण्याचा गोळा, उकडलेल्या मक्याचे दाणे, थोडं व्हिनेगर. वाट्यांवर फडकी टाका. घरातल्या कोणालातरी त्या मागेपुढे करायला सांगा, आणि डोळे मिटून एकेक ओळखा.

पहिल्या फेरीत गोंधळ उडतो. लवंग समोर असते, वास पूर्ण ओळखीचा असतो, आणि नाव जिभेवर येत नाही. आई रोज मसाल्याच्या डब्याशी असतात त्या झटक्यात ओळखतात, आणि आपण "काहीतरी दातदुखीच्या औषधासारखं" म्हणत राहतो. तेही लिहून ठेवा, कारण ते बरोबरच आहे; लवंगेच्या तेलाचाच तो वास. तीन-चार दिवस हा खेळ खेळलात की नाव पटकन सुचू लागतं.

या वाट्या उगाच निवडलेल्या नाहीत. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवाइझनमध्ये, केळं टाकलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याचा वास आयसोअमिल अॅसिटेट या घटकाचा, तोच पिकलेल्या केळ्यातही असतो. धणे आणि संत्रं विटबिअरसाठी. पपनसाची साल अमेरिकन हॉप्ससाठी, विशेषतः कॅस्केड जातीच्या. परदेशी वर्णनांत ज्याला ग्रेपफ्रूट म्हणतात त्याच्या सगळ्यात जवळचा वास आपल्याकडे पपनसाचा. काकवी, मनुका आणि करपलेला पापुद्रा गडद बिअरसाठी. लोणी, मका आणि व्हिनेगर कशासाठी ते दोषांच्या भागात सांगतो. वाचून पाठ केलेलं "पाइन, ट्रॉपिकल, बिस्किट" लिहिण्यापेक्षा "पपनसाची साल, पिकलेला रायवळ आंबा, भाजलेली बाजरी" लिहा. जो वास तुम्ही स्वतः घेतलाय तो वाचणाऱ्यालाही घेता येतो.

ग्लास आणि तापमान

बहुतेक नाशिककरांच्या कपाटात वाइनरीतून आणलेले ग्लास असतातच. व्हाइट वाइनचा, वर निमुळता होणारा ग्लास बिअर चाखायला उत्तम. स्टीलचा पेला नको, प्लॅस्टिक नको. ग्लास घासून नुसता स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. तेलाचा किंवा साबणाचा पातळ थर राहिला तर फेस टिकत नाही. ग्लास आतून ओला करून त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. मग मीठ धुऊन टाका आणि ग्लास पालथा ठेवून आपोआप वाळू द्या, फडक्याने पुसू नका. भरल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तरी हेच समजायचं.

तापमानाबद्दल आपल्याकडे फार मोठी चूक होते. फ्रीझरमधून काढलेल्या बिअरला वासच नसतो. लागर ४ ते ७ अंशांना, गव्हाच्या बिअर त्याहून किंचित वर, आयपीए ८ ते १२, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर नसेल तर लागर फ्रिजमधून काढून लगेच ओता, आणि स्टाउट आधीच बाहेर काढून ठेवा, वीस मिनिटं तरी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरतो तेव्हा स्टाउटला फ्रिज लागतच नाही. ओट्यावर ठेवलेली बाटली बरोबर असते. स्टाउटच्या अभ्यासाला मी हेच दिवस निवडेन.

चाखताना

ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करा, अर्ध्यावर आला की सरळ करा, म्हणजे बोटभर फेस येईल. फेस टाळू नका, वास त्यातूनच वर येतो.

सगळ्यात आधी, बघण्याच्याही आधी, एक हुंगणं. काही वास इतके हलके असतात की पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात. मग ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरून रंग, पारदर्शकता आणि फेस किती टिकतो ते बघा. लागर गढूळ असेल तर नोंद करा. विट आणि हेफेवाइझन गढूळ असणं हीच त्यांची रीत.

पुन्हा वास. ग्लासवर तळहात झाकून हलकेच एक-दोन वेळा फिरवा, हात काढा, दोन छोटे हुंगे घ्या. वाइनसारखं गरगरा फिरवत राहिलात तर वायू निघून जाईल आणि बिअर मरगळेल. एक मोठा श्वास ओढण्यापेक्षा छोटे छोटे दोन-तीन बरे. नाक बधिर वाटलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या.

आता घोट. पुरेसा मोठा घ्या, सगळ्या जिभेवर फिरू द्या आणि गिळा. वाइनच्या टेस्टिंगला थुंकायची भांडी असतात. बिअरला गिळावंच, कारण हॉप्सचा कडूपणा हळूहळू चढतो आणि गिळल्यावर किती वेळ राहतो हेच मोजायचं असतं. गिळल्याबरोबर तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. त्या क्षणी घशाकडून नाकात जो वास जातो त्यात बिअरची निम्मी ओळख असते. पहिल्या घोटावर काही लिहू नका, तो जिभेला जागं करण्यापुरता. दुसऱ्यावर लिहा.

कडूपणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नवख्यांची सगळी नाराजी तिथे असते. आयबीयू हा कडूपणा मोजण्याचा आकडा. साध्या लागरचा तो बहुतेकदा २० च्या खाली, आयपीएचा ४० ते ७०. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा भरपूर असेल तर जास्त आयबीयूची बिअरही मऊ लागते, आणि पातळ बिअरला कमी आयबीयूही टोचतो. प्रश्न असा विचारा: कडूपणा स्वच्छ आहे का? गिळल्यावर चांगल्या कारल्याच्या भाजीसारखा जिभेवर राहून नीट उतरतो, की घशाला खरवडत बसतो? पहिला कडूपणा ब्रुअरने ठरवून आणलेला असतो.

शेवटी अंग: बिअर तोंडात पाण्यासारखी पातळ आहे की दुधासारखी भरलेली, वायू बोचरा आहे की मऊ, गिळल्यावर तोंड कोरडं पडतं का, अल्कोहोलची ऊब जाणवते का. ग्लासात थोडी बिअर मुद्दाम ठेवा आणि पंधरा मिनिटांनी परत चाखा. गार असताना लपलेल्या चांगल्या आणि वाईट दोन्ही गोष्टी आता वर येतात.

दोष कोणाचा

एक प्रयोग सगळ्यांनी करावा. हिरव्या बाटलीतली लागर घ्या. एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा. एक घरात सावलीत झाकून ठेवा, दुसरा गॅलरीत दुपारच्या उन्हात. नाशिकच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ होतात. उन्हातला ग्लास आत आणून गार पाण्याच्या भांड्यात उभा करा, म्हणजे दोन्हींचं तापमान जवळ येईल. मग आधी सावलीतला हुंगा, नंतर उन्हातला. दुसऱ्यातून रबर आणि गंधक यांच्या मधला एक उग्र वास येईल. प्रकाशामुळे हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि त्यातून गंधकयुक्त रसायन तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की अगदी लेशमात्र असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. काही कंपन्या प्रकाशाला न बधणारा हॉप्सचा अर्क वापरतात, त्यामुळे एखाद्या बिअरवर प्रयोग जमणार नाही. दुसरी घेऊन बघा. एकदा हा वास नाकात बसला की दुकानाच्या काचेच्या दारात ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या बाटल्यांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. आणि यात ब्रुअरीचा हात फार तर बाटली निवडण्यापुरता.

ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास आला तर बिअर शिळी झालीय किंवा उष्णतेत पडून होती, तारीख तपासा. व्हिनेगरचा आंबूस वास टॅपवरच्या बिअरला आला तर बहुतेकदा बारची नळी धुतलेली नसते. लोण्याचा वास आणि जिभेवर तुपकट थर हा डायअॅसिटिल या घटकाचा. आंबवताना तो तयार होतोच, यीस्टला पुरेसा वेळ दिला तर यीस्टच तो परत पचवतं. म्हणजे ब्रुअरीने घाई केली असू शकते. पण अस्वच्छ नळीतल्या जंतूंमुळेही तो येतो, म्हणून बाटलीत सापडला तर ब्रुअरीकडे बोट, टॅपवर सापडला तर आधी बारकडे. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास अपुऱ्या मुरलेल्या बिअरचा. उकडलेल्या मक्याचा वास हलक्या लागरमध्ये थोडा चालतो, भपकन आला तर उकळण्यात किंवा गार करण्यात कमी पडलंय. डेटॉलसारखा वास पाण्यातल्या क्लोरीनमुळे येऊ शकतो.

मात्र दोष ठरवण्याआधी जात विचारा. हेफेवाइझनमधलं केळं, गोजे या जर्मन बिअरमधलं मीठ आणि आंबटपणा, हे सगळं मुद्दाम आहे. कोकम किंवा जांभूळ घातलेली आंबट बिअर "आंबट होती" म्हणून नापास करणाऱ्याने ती मागवण्याआधी मेन्यू वाचायला हवा होता.

ब्रुअरीत जाताना

नाशिकहून पुणे २१० किलोमीटरच्या आसपास; बसने जा आणि मुक्काम करा. मुंबईला सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. शनिवारी रात्री जाऊ नका. गोंगाटात नाक चालत नाही आणि बारमागच्या माणसाला बोलायला फुरसत नसते. आठवड्यातली कुठलीही दुपार उत्तम.

बसल्या बसल्या पूर्ण ग्लास मागवू नका. "दादा, आधी चव बघायला थोडी थोडी मिळेल का?" असं विचारा. बऱ्याच ठिकाणी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर असतोच. मग केगबद्दल, म्हणजे नळाला जोडलेल्या बिअरच्या पिंपाबद्दल, विचारा, "यातला सगळ्यात ताजा केग कुठला? हा कधी लावला?" ज्याला आपल्या बिअरची काळजी आहे तो आनंदाने सांगतो, कित्येकदा ब्रुअरलाच बोलावून आणतो. ग्लास फ्रीझरमधून काढलेला, पांढरा पडलेला आला तर साधा मागून घ्या. काही बिघडलेलं वाटलं तर लिहिण्याआधी तिथेच सांगा: "दादा, ही मला जरा आंबूस लागतेय, तुम्ही एकदा बघता का?" नळीचा दोष असेल तर तुमच्यामुळे पुढच्या दहा जणांचं भलं होईल.

नाशिकमध्येच बनणाऱ्या सेरानाच्या मीडही चाखण्यासारख्या आहेत. पण मीड मधापासून आंबवतात, तिला बिअरचे निकष लावू नका. वहीत तिचं पान वेगळं.

लिहायचं कसं

चाखतानाच लिहा, रात्री आठवून लिहिलेल्यात आपली कल्पना मिसळते. वर तथ्यं: बिअरचं नाव, ब्रुअरी, गाव, जात, अल्कोहोलचे टक्के, बनवल्याची तारीख, बाटली, कॅन की टॅप, कुठे घेतली. खाली नोंदी. सगळ्यात शेवटी आकडा. आकडा आधी ठरला की नोंदी त्याला जुळवून लिहिल्या जातात. आणि इतरांचे आकडे आपलं लिहून होईपर्यंत उघडू नका.

एक नमुना देतो:

"विटबिअर, टॅपवर, ४.८ टक्के, केग आदल्या दिवशी लावलेला. फिकट पिवळी, गढूळ, फेस पांढरा आणि दाट, शेवटपर्यंत कडेला टिकला. पहिल्याच हुंग्यात कुटलेले धणे, मागून संत्र्यापेक्षा मोसंबीची साल. चव सुरुवातीला पिठूळ-गोड, मध्ये लिंबासारखा आंबटपणा, कडूपणा जेमतेम. अंग हलकं, वायू बोचरा. गार असताना छान. पंधरा मिनिटांनी धणे जास्त झाले आणि साबणाची झाक आली. धण्यांचा हात थोडा आखडता असता तर पुन्हा मागवली असती. ५० पैकी ३४."

यात "मस्त" नाही, "बकवास" नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की धणे आवडत असतील तर ही त्याची बिअर आहे. ब्रुअरलाही काय बदलायचं ते कळतं. ५० गुणांची पद्धत बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठीच्या बीजेसीपी तक्त्यातली: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, अंगाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३ आहेत हे लक्षात घ्या. सुंदर फोटो म्हणजे चांगली बिअर नव्हे. अनटॅप्ड अॅपवर ५ पैकी पाव-पाव गुणांनी आकडा देता येतो, तोही चालेल, पण शब्द सोडून नुसता आकडा देऊ नका. बिअर फुकट मिळाली असेल किंवा ब्रुअर ओळखीचा असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा.

आपल्याला खरंच फरक कळतो का हे तपासायला मित्रांसोबत महिन्यातून एकदा तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात त्याच जातीची दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणाऱ्याने वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून एका यशावर समाधान मानू नका, चार-पाच फेऱ्या करा. दोन बिअर तुम्हाला वेगळ्या ओळखता येत नसतील तर एकीला ३८ आणि दुसरीला ३१ देण्याला आधार उरत नाही.

एखाद्या बिअरला फार कमी गुण द्यावेसे वाटले तर ते वहीतच ठेवा, आणि वेगळ्या तारखेची बाटली दुसऱ्या दुकानातून आणून परत चाखा. दोन्हींत तोच दोष सापडला तर दोन्ही तारखांसकट लिहा. दुसरी चांगली निघाली तर जुनी नोंद खोडू नका. तिच्याखाली नवी तारीख टाकून काय बदललं ते लिहा, आणि पहिली बाटली कुठल्या दुकानाची होती तेही तपासा.